चौथं बारसं

नेब्रास्का. ऑक्टोबर.
मका कापून झालाय,
आता वाऱ्याला अडवायला रानात एवढा पेट्रोलपंपच उरलाय.

क्रेनच्या पाळण्यात उभा राहून
ड्वेन क्रॅटोकविल अक्षरं उतरवतोय.
खाली ट्रकमध्ये नवं नाव पहुडलंय
बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये, टापशीसकट.

या पंपाचं हे चौथं बारसं.
घुगऱ्या नाहीत, आत्या नाही,
कानात कुर्रर्र करायला कोणी नाही.
ओमाहाहून एक ईमेल आली,
तिला रंगांचं पत्रक जोडलेलं:
जांभळा, काठ चार इंच,
आतल्या फरशीपर्यंत सगळं ठरलेलं.

पहिल्यांदा लँटर्न.
मग जिफी-हॉप. त्यावर ससा होता,
एका गारपिटीत त्याचा कान गेला तो गेलाच.
मग सनरो.
सनरो म्हणजे काय, हे कुणालाच कळलं नाही,
बहुतेक सनरोलाही नाही.

गावातले लोक म्हणतात, झेलेंकाकडे चाललोय.
झेलेंकाने पंप विकला त्याला सदतीस वर्षं झाली.
त्याचं नाव पाटीवर कधी नव्हतंच,
म्हणून ते कुणाला उतरवताही आलं नाही.

आत व्हर्ना सीडल.
ड्रॉवरमध्ये तिचे तीन बिल्ले,
एकावर स्पेलिंग चुकलेलं.
ती सहा वर्षं तिने तशीच काढली,
चुकीच्या नावाने कोणी हाक मारली की ओ देत.

नव्या कंपनीचा कोल्बी टॅब्लेट घेऊन फिरतोय.
चांगला पोरगा आहे. बूट फार स्वच्छ.
म्हणतो, हे इथे चालणार नाही.
हे म्हणजे कॉफीमशीनमागच्या भिंतीवर
खिळ्यांना टांगलेले अकरा कप.
रॉलंडचा, लुएलाचा,
सोयाबीनवाल्या भावांचे दोन
(ते आपसात बोलत नाहीत, कप शेजारी शेजारी),
आणि कडेचा ऑर्व्हिलचा,
जो एप्रिलपासून येत नाही.
व्हर्ना तोही दर सोमवारी विसळते.
कोल्बी विचारतो, मग हा कशाला धुता?
व्हर्ना म्हणते, धूळ बसते.

वाद नाही घातला तिने.
केळ्यांच्या खोक्यात वर्तमानपत्र घातलं,
एकेक कप उतरवला.
खिळे राहिले.
खिळ्यांबद्दल पत्रकात काही नव्हतं.

मग बाहेर येऊन,
हाताचा आडोसा करून वर ओरडली,
ड्वेन, कोपरे सांभाळ!
ड्वेनने मान हलवली. त्याला माहीत आहे.
करारात लिहिलंय: जुनी पाटी नष्ट करावी,
पुरावा म्हणून फोटो पाठवावेत.
ड्वेन एका तुटक्या तुकड्याचे
चार बाजूंनी चार फोटो काढतो
आणि उरलेली अख्खी पाटी
व्हर्नाच्या पिकअपमध्ये दोरीने बांधतो,
कपांच्या खोक्याशेजारी.

तिच्या खुराड्याला उत्तरेकडून लँटर्नची भिंत आहे.
वर जिफी-हॉपचं छप्पर,
एककानी ससा आत डोकावतो,
कोंबड्या त्याला आता बिचकत नाहीत.
उन्हात आतली जमीन थोडी हिरवी दिसते,
अंडी मात्र पांढरीच.
सनरो पश्चिमेला लागेल,
हिवाळ्यात तिथूनच बोचतं.

जांभळ्याची जागा कुठे, ते तिने अजून ठरवलेलं नाही.
वय एकोणसत्तर.
बघू, म्हणते.

उद्या पहाटे पाचला,
पाठीला टोचणारी चिठ्ठी अजून न काढलेल्या
कोऱ्या जांभळ्या टी-शर्टात ती फोन उचलेल,
शिकवलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडेल,
तोवर पलीकडून कुणीतरी विचारेल,
झेलेंका ना?

हो, ती म्हणेल.
डिझेल आहे. ये.